नवा डबा, जुनेच रंग: नवरात्रीच्या पॅलेटवरून चर्चा

गुलबक्षी, रावपुरा, बडोदा

नवरात्रीच्या तोंडावर एका मोठ्या ब्रँडने नवी आयशॅडो पॅलेट काढली. नाव मुद्दाम लिहीत नाही. ही सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे आणि मला बोलायचंय ते सवयीबद्दल. बारा रंग, किंमत पंधराशेच्या घरात, डब्यावर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण नवी रंगमाला’. याच ब्रँडची लग्नसराईत आलेली पॅलेट माझ्याकडे आहे आणि ती मला मनापासून आवडते. म्हणून ही आल्या आल्या मागवली.

दोन्ही डबे खिडकीत शेजारी शेजारी उघडले आणि पार हिरमोड झाला. बारातले पाच रंग लग्नसराईच्या पॅलेटमधलेच आहेत. सारखे दिसणारे म्हणत नाहीये, तेच. जुन्यात ‘करंडा’ नावाचा एक विटकरी मॅट, म्हणजे चमक नसलेला रंग आहे, नव्यात त्याचं नाव ‘चणिया’. मनगटाच्या आतल्या बाजूला, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा लेप न लावता, दोन्हींची एकेक पट्टी ओढली. सकाळच्या उजेडात फरक शोधून सापडेना. पण माझी खात्री पटली ती रंगावरून नाही, त्याच्या खोडीवरून. करंडा पहिल्या हाताला ठिगळं पडल्यासारखा बसतो, पापणीच्या मधोमध पातळ आणि कडेला दाट. दुसरा हात दिला की मग एकसारखा होतो. चणियाने अगदी तेच केलं. जुन्यातला सोनेरी शिमर, म्हणजे चमकीचा रंग, ब्रशने घेतला तर निम्मा गालावर गळतो आणि बोटाने दाबून लावला तर अख्खी रात्र हलत नाही. नव्यातला ‘आभला’ तसाच गळतो, तसाच टिकतो.

जुना रंग पुन्हा द्या, खुशाल द्या, पण जुन्या नावाने द्या. अर्बन डिके या अमेरिकन ब्रँडची ‘नेकेड’ पॅलेट २०१० साली आली आणि पाठोपाठ २०११ साली ‘नेकेड टू’. पहिल्यातला ‘हाफ बेक्ड’ हा सोनेरी रंग दुसऱ्यातही होता, आणि दोन्हीकडे त्याचं नाव ‘हाफ बेक्ड’च होतं. घेणारीला पैसे देण्याआधी कळत होतं की यातला एक आपल्याकडे आहे. पुढे घ्यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. इथे मला ठरवूच दिलं नाही. बारा नवी नावं छापली, म्हणजे माझ्याकडून बारा नव्या रंगांचे पैसे घेतले.

पहिलीच_पॅलेट, फतेहगंज

ताई, मला ही पॅलेट फार आवडली आहे. लग्नसराईची आली तेव्हा मी बारावीत होते, घरात मेकअपचं नाव काढायची सोय नव्हती. आता युनिव्हर्सिटीत आले, हातात स्वतःचे थोडे पैसे आले, तर ती कुठेच मिळत नाही. ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांना कंटाळा येतो म्हणून ते रंग आम्हाला मिळूच नयेत का? तुमच्यासाठी पाच जुने असतील. मला बाराही नवे आहेत.

गुलबक्षी

मिळावेत ना, जरूर मिळावेत. मग लग्नसराईचीच पॅलेट पुन्हा बाजारात आणायला काय हरकत होती? तुला तुझी मिळाली असती आणि मी माझे पैसे वाचवले असते.

ब्रशवाली_ताई, कारेलीबाग

मी नवरीचा मेकअप करते, बरीच वर्षं. माझ्याकडे मराठी नवऱ्या येतात तशाच गुजराती येतात. एक शालूत, दुसरी पानेतरात, म्हणजे गुजराती नवरीच्या पांढऱ्या साडीत. हा जो विटकरी तू म्हणतेस, तो दोघींना चालतो. पानेतराच्या पांढऱ्यावर तो भडक दिसत नाही आणि शालूच्या जरीपुढे फिकाही पडत नाही. असा रंग सापडायला मला बरेच डबे पालथे घालावे लागतात. आणि सापडला की कंपनी तो बंद करते. साखरपुड्याला लावलेलं पाहून मुलगी म्हणते, ताई, लग्नात डोळ्यांना तेच हवं. तेव्हा मी काय सांगू, की कंपनीला नवलाईची हौस आली म्हणून तुझ्या डोळ्यांचा रंग बदला?

‘नेकेड’चंच उदाहरण घेतलंस, तर तेही पुरतं सांग. ती पॅलेट इतकी चालली आणि २०१८ मध्ये कंपनीने ती बंद केली. तिच्यावर ज्यांचं काम अवलंबून होतं त्यांनी काय करायचं? मला विचारशील तर चांगला रंग परत येणं ही कौतुकाची गोष्ट आहे. दर सणाला बाराच्या बारा नवे हवेत या हट्टापायी अर्धे रंग असे येतात की एकदा लावले आणि ठेवून दिले. जांभळट राखाडी, शेवाळी, कोणाच्याच पापणीला न शोभणारे. त्यापेक्षा पाच खात्रीचे जुने बरे.

गुलबक्षी

ताई, तुमचा रंग परत आला हे तुम्हाला कशावरून कळलं? डब्यावर ‘चणिया’ लिहिलंय. ऑनलाइन शोधलं तर ‘करंडा’ बंद झालाय असंच दिसतं. तुमच्यासारख्या रोज हा रंग वापरणाऱ्या बाईला तो परत आल्याचं कंपनीने सांगितलं नाही. म्हणजे नाव बदलल्याचा तोटा तुम्हालाही आहेच, माझ्याइतकाच.

ब्रशवाली_ताई

नावाने मी कधी रंग ओळखत नाही गं. दुकानात टेस्टरला बोट लावते, हातावर ओढते, उजेडात जाते. नावं काय, दर वर्षी कोणीतरी नवी काढतं. माझ्या किटमध्ये डब्यांतून काढून चुंबकाच्या पॅलेटमध्ये बसवलेले रंगांचे सुटे खण आहेत, त्यांच्यामागे मी मार्करने माझीच नावं लिहिते.

सोनेरी_किनार, मांजलपूर

ऑनलाइन घेणाऱ्यांना टेस्टर कुठून मिळणार? तिथे नाव आणि फोटो एवढंच असतं हातात.

मकरपुरा_लॅब

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, रंग जुळवण्याचं काम करतो. सौंदर्यप्रसाधनांचं नाही, पण रंगद्रव्यं तीच. दोन गोष्टी लिहितो, गुलबक्षींना पटतील असं नाही.

उष्ण छटेचा मॅट तपकिरी, विटकरी, गेरूसारखा कुठलाही रंग घ्या, तो मुख्यतः तीन आयर्न ऑक्साइडमधून बनतो. लाल, पिवळं आणि काळं. फिका करायला टायटॅनियम डायऑक्साइड. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत ७७४९१, ७७४९२, ७७४९९ आणि ७७८९१ हे आकडे असतात, ते हेच. शिमरमध्ये त्यांच्या जोडीला अभ्रक येतं, त्याचा आकडा ७७०१९. डोळ्यांजवळ चालतील असे रंग मुळात मोजके, त्यात सणासुदीला लोकांना हवा लाल-केशरी-सोनेरी. कोणत्याही दोन कंपन्यांच्या अशा पॅलेट शेजारी ठेवल्या तरी तीन-चार रंग जुळणारच. त्यात फसवणूक शोधायची गरज नाही.

दुसरं, ठिगळांबद्दल. पावडर कशी बसते हे रंगावर कमी आणि बेसवर, म्हणजे रंग ज्यात मिसळतात त्या मूळ पावडरीवर, जास्त अवलंबून असतं. टाल्क किंवा अभ्रकाचा भराव, बांधून ठेवायला झिंक स्टीअरेटसारखं काही आणि थोडं सिलिकॉन तेल, मग पत्र्याच्या खणात किती दाबाने बसवली ते. एकाच कारखान्याचा बेस असेल तर वेगळा रंगही त्याच खोडी दाखवेल. त्यामुळे तुमचा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही.

गुलबक्षी

बेसचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण नव्या पॅलेटमध्ये मॅट सात आहेत. बेसची खोड असती तर सातही ठिगळं दाखवायला हवे होते. दाखवतो तो एकटा चणिया. जुन्या पॅलेटमध्येही एकटा करंडाच दाखवतो. बाकीचे मॅट दोन्हीकडे लोण्यासारखे लागतात.

आणि तीन ऑक्साइडमधून किती रंग निघू शकतात हे तुम्हीच सांगा.

मकरपुरा_लॅब

पुष्कळ. प्रमाण बदला, नवा रंग. नुसत्या लाल ऑक्साइडचे कण बारीक असतील तर तो केशरीकडे झुकतो, मोठे असतील तर जांभळटाकडे. शिमरमध्ये तर अभ्रकावरच्या टायटॅनियमच्या थराची जाडी बदलली की चमक सोनेरीची तांबूस होते, तांबूसची निळसर होते. म्हणजे कंपनीला नवा विटकरी करता आला नसता असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की जुळणारा दिसला म्हणजे तोच, हे डोळ्यांनी ठरवू नका. आमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजायच्या यंत्रावर दोन नमुन्यांच्या रंगांतलं अंतर मोजतात, त्याला डेल्टा ई म्हणतात. ते एकच्या खाली आलं तर सरावलेल्या माणसालाही फरक सांगणं कठीण जातं.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. दोन पट्ट्या खिडकीच्या उजेडात जुळल्या, तर त्याच पिवळ्या बल्बखाली आणि मग पांढऱ्या ट्यूबखाली बघा. वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून जुळवलेला रंग एका उजेडात जुळतो आणि दुसऱ्यात फुटतो. तिन्ही उजेडांत जुळला तर घटक आणि प्रमाण तेच असण्याची शक्यता खूप वाढते.

सोनेरी_किनार

माझ्याकडेही दोन्ही आहेत. आत्ता तिन्ही उजेडांत बघून आले. विटकरी, सोनेरी, गडद कॉफी आणि तांबं, चौघेही सगळीकडे हुबेहूब. पाचवा पीच मात्र बल्बखाली नव्या पॅलेटमधला जरा गुलाबी वाटला.

गुलबक्षी

पीच सोडला तरी चार उरतात, आणि तेही असे की ज्यांच्यासाठी पॅलेट घेतली जाते. विटकरी नि सोनेरी काढून घेतले तर त्या डब्यात गरब्याला लावण्यासारखं फारसं राहत नाही.

वहिनी_वाडीच्या

तुम्ही सगळ्या रंगांच्या नावावर भांडताय. मला मुळात हे पटत नाही की लग्नसराईची पॅलेट चांगली निम्मी शिल्लक असताना नवी आली म्हणून मागवायचीच. डब्याच्या मागे झाकण उघडलेल्या बरणीचं चित्र असतं, त्यात १२एम नाहीतर २४एम लिहिलेलं. उघडल्यावर तितके महिने वापरा असा त्याचा अर्थ. रोज लावणाऱ्या मुलीकडूनही एवढ्या मुदतीत बारा खण संपत नाहीत. मग कंपनीला दोष का द्यायचा? तिने विकायला ठेवलं, आपण घेतलं.

गुलबक्षी

वहिनी, मी किती घ्यावं हा माझ्या खर्चाचा प्रश्न, त्यावर तुम्ही हवं ते बोला, मी ऐकून घेईन. पण विकणाऱ्याने खरं सांगावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. घेणारीला हौस आहे म्हणून विकणाऱ्याला काहीही छापायची मोकळीक मिळत नाही. खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाल्याने कालची मेथी आजची म्हणून दिली तर तुम्ही त्याला सोडाल का? घरी मेथी शिल्लक होती की नव्हती हे तो विचारायला गेला तर?

वहिनी_वाडीच्या

नाही सोडणार. पण मेथी शिळी होते. रंग शिळा होत नाही.

मंगळबाजार_वाला

आमचं कॉस्मेटिक्सचं दुकान आहे, न्याय मंदिराजवळ, वडिलांच्या वेळेपासून. दुकानदाराची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

गुलबक्षीताई म्हणतात जुनी पॅलेट जुन्या नावाने परत आणा. आणली तर ती माझ्या फळीवर पडून राहील. नवरात्रीच्या आधीच्या पंधरवड्यात दुकानात शिरणारी प्रत्येक मुलगी पहिला प्रश्न एकच विचारते, ‘नवुं शुं आव्युं?’ मी जुनं नाव दाखवलं की ती हातात न घेता पुढच्या दुकानात जाते. तोच माल नव्या डब्यात दाखवला की दोन मैत्रिणींना फोन करून बोलावते. ही सवय कंपनीने एकटीने लावलेली नाही.

दुसरं म्हणजे, बहुतेक ब्रँड स्वतः माल बनवत नाहीत. डब्यावर बघा, बनवणाऱ्याचं नाव एक आणि विकणाऱ्याचं वेगळं असतं. इटलीतली इंटरकॉस ही कंपनी तर १९७२ पासून दुसऱ्यांच्या नावाने मेकअप बनवते. अशा कारखान्यांना प्रत्येक नव्या रंगाची कमीत कमी ठरावीक ऑर्डर लागते. मग खण उंचीवरून पाडून फुटतो का ते बघा, त्वचेवर चाचण्या करा. बाराही नवे करायचे तर तोच डबा पंधराशेत बसणार नाही. जुने चार घातले म्हणून किंमत आवाक्यात राहते, हे घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

पहिलीच_पॅलेट

हे मला पटलं. दोन हजारांची असती तर मी घेऊच शकले नसते.

सोनेरी_किनार

दादा, जुने चार घालून कंपनीचा खर्च वाचला, तर तो वाचलेला पैसा किमतीत दिसायला हवा होता. लग्नसराईची पॅलेट यापेक्षा स्वस्त होती, बिल आहे माझ्याकडे. खर्च कमी आणि भाव जास्त, हे कुठलं गणित?

मंगळबाजार_वाला

डबा महाग झालाय. आरसा मोठा आहे, वर कापडाचं काम आहे. ते कोणी फुकट देत नाही.

गुलबक्षी

म्हणजे आम्ही डब्याचे पैसे दिले. मग डब्यावर ‘नवा डबा’ लिहा, ‘संपूर्ण नवी रंगमाला’ लिहू नका.

आणि नवं काय आलं असं मुली विचारतात, बरोबर आहे. पण त्यांना खरंच नवं हवं असतं म्हणून विचारतात. त्यांना जुनंच नव्या नावाने द्या असं कोणी म्हणत नाही.

लेबल_वाचणारी, अलकापुरी

कायद्याच्या अंगाने थोडं. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, वापरायची मुदत आणि घटक हे सगळं छापावं लागतं. रंगाचं नाव काय ठेवायचं आणि तोच रंग पुन्हा आला तर सांगायचं की नाही, याची सक्ती तिथे नाही. घटकांवरूनही काही सिद्ध होणार नाही. पॅलेटवर बाराही रंगांची रंगद्रव्यं ‘यांपैकी असू शकतात’ अशा एकाच यादीत लिहिलेली असतात, कोणत्या खणात काय आहे ते कळत नाही.

पण ‘संपूर्ण नवी’ हे शब्द अडचणीचे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तीत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर ‘नवा’ म्हणताना नेमकं काय नवं ते सांगावं असंच आहे. गुलबक्षी, डब्याचे फोटो आणि बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. पैसे परत मिळतील असं मी सांगत नाही, पण कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागलं तरी पुष्कळ.

ब्रशवाली_ताई

तक्रार करून काय होईल सांगू? पुढच्या वेळी कंपनी घाबरून जुने रंग परत आणणारच नाही. आणि मी पुन्हा विटकरी शोधत फिरेन.

गुलबक्षी

ताई, तक्रारीत मी हेच लिहिणार आहे की रंग बंद करू नका, त्याचं नाव परत द्या. त्याहून बरं म्हणजे हे चार रंग सुटे खण म्हणून विका. माझ्याकडचा करंडा तळाला लागलाय, मधोमध पत्रा दिसतो. तो एकटा मिळाला असता तर मी एक घेतला असता, आणि तुम्ही?

ब्रशवाली_ताई

मी एकदम सहा घेतले असते. सुट्या खणांच्या मागणीवर माझंही नाव घाल. बाकी तक्रारीवर नको, माझं तुझ्याशी पटलेलं नाही.

मंगळबाजार_वाला

सुटे खण ठेवायला मला आवडणार नाहीत. गिऱ्हाईक आठ रंगांना बोट लावून एक घेतं, नाहीतर तेही घेत नाही, आणि टेस्टरचे पैसे कंपनी देत नाही. पण उद्यापासून लग्नसराईच्या पॅलेटचा टेस्टर नव्याच्या शेजारी ठेवतो, तो अजून आहे माझ्याकडे. ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांनी बघून घ्यावं.

नवखी_गरबावाली, गोत्री

सगळं वाचलं. माझ्याकडे लग्नसराईची नाही. आठव्या रात्रीसाठी केशरी चणियाचोळी आहे. घेऊ की नको?

गुलबक्षी

जुनी नसेल तर घे, माल चांगला आहे. केशरीवर विटकरी पापणीच्या खोबणीत लाव, दोन हात दे, पहिल्या हाताला घाबरू नकोस. आभला ब्रशने लावू नकोस, बोट किंचित ओलं करून पापणीच्या मधोमध दाब आणि मगच गालाचा मेकअप कर, म्हणजे गळलेलं आधी पुसता येईल. मैदानावर घाम येतो, तेव्हा खाली प्रायमर हवाच. नव्या रंगांपैकी मोरपंखी खरोखर सुंदर आहे. तो या ब्रँडने आधी कधी दिला नव्हता, आणि वरच्या पापणीच्या कडेला नुसती बारीक रेघ ओढली तरी दिव्यांखाली लांबून दिसतो. जिच्याकडे जुनी आहे तिने मात्र आधी मंगळ बाजारात जाऊन दोन्ही टेस्टर शेजारी बघावेत आणि मगच पैसे काढावेत.